जाळ्यासमोरून मायक्रोफोनकडे

१८ एप्रिल १९८७. अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात, लँडओव्हरच्या कॅपिटल सेंटरमध्ये वॉशिंग्टन कॅपिटल्स आणि न्यूयॉर्क आयलँडर्स हे आइस हॉकीचे संघ संध्याकाळी बर्फावर उतरले. सात सामन्यांच्या मालिकेतला हा सातवा, निर्णायक सामना. साठ मिनिटं संपली तेव्हा २-२ अशी बरोबरी होती. प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, बरोबरी चालत नाही. गोल होईपर्यंत वीस-वीस मिनिटांचे जादा डाव सुरूच राहतात. पहिला गेला, दुसरा गेला, तिसराही गेला. चौथ्यात पॅट लाफाँटेनने आयलँडर्सचा विजयी गोल मारला, तेव्हा रात्रीचे दोन वाजायला दोन मिनिटं कमी होती. तारीख बदलून ईस्टरचा रविवार लागला होता, म्हणून हा सामना ‘ईस्टर एपिक’ या नावाने ओळखला जातो. आयलँडर्सचा गोलरक्षक होता सव्वीस वर्षांचा केली ह्रूडी. त्या रात्री त्याने ७३ फटके अडवले.

आइस हॉकीतला पक म्हणजे सुमारे १७० ग्रॅमची कडक रबरी चकती. गोलरक्षकाला राखायची असते सहा फूट रुंद आणि चार फूट उंच चौकट. संघातले बाकीचे पाच जण जेमतेम मिनिटभर जीव तोडून खेळतात आणि बाकावर परततात. त्यांच्या जागी ताजे गडी येतात. गोलरक्षक सहसा सगळा सामना बर्फावरच असतो. समोरून चालून येणारी प्रत्येक चढाई त्याला पुरती दिसते. कुणी कुणाला मोकळं सोडलं, पास कुठे चुकला, हे तो गोल होण्याआधीच टिपतो. समालोचकाला लागणारी नजर त्याच्या रोजच्या कामातच तयार होते.

ह्रूडी मूळचा कॅनडातल्या एडमंटनचा, जन्म १९६१चा. १९८०च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या वार्षिक निवडीत, आयलँडर्सने त्याला निवडलं. १९८९ साली तो लॉस एंजेलिस किंग्जकडे गेला. महान खेळाडू वेन ग्रेट्झ्की आदल्याच वर्षी तिथे आला होता. हेल्मेटखाली बांधलेला निळा रुमाल ही ह्रूडीची ओळख बनली.

१९९३ साली किंग्ज प्रथमच स्टॅनले कप या सर्वोच्च करंडकाच्या अंतिम फेरीत पोहोचले. मॉन्ट्रियलविरुद्धचा पहिला सामना त्यांनी जिंकला. दुसऱ्यात २-१ आघाडी असताना, शेवटच्या दोन मिनिटांत पंचांनी किंग्जच्या मार्टी मॅक्सॉर्लीची स्टिक मोजली. तिचा बाक नियमापेक्षा जास्त भरला, मॅक्सॉर्ली शिक्षेवर बाहेर गेला, किंग्जचा एक गडी कमी झाला, मॉन्ट्रियलच्या एरिक देजार्दँने बरोबरी साधली आणि जादा वेळेत विजयी गोलही त्यानेच केला. पुढचे दोन सामनेही किंग्जनी जादा वेळेतच गमावले. मालिका पाच सामन्यांत संपली. ह्रूडीच्या हाती स्टॅनले कप कधीच आला नाही.

पंधरा हंगाम, ६७७ सामने, २७१ विजय आणि २६५ पराभव. १९९८ साली सॅन होजे शार्क्समधून निवृत्त होऊन तो ‘हॉकी नाइट इन कॅनडा’चा विश्लेषक झाला. हा कार्यक्रम टीव्हीवर १९५२पासून सुरू आहे आणि कॅनडात शनिवारची रात्र त्याच्याच नावे असते. पुढे कॅल्गरी फ्लेम्सच्या सामन्यांचं समालोचनही ह्रूडीकडे आलं. खेळला त्याहून जास्त वर्षं त्याने मायक्रोफोनसमोर काढली आहेत.

या वाटेने जाणारा तो पहिला नव्हे. मॉन्ट्रियलला सहा स्टॅनले कप जिंकून देणारा केन ड्रायडन १९८०च्या ऑलिंपिकमध्ये समालोचक अल मायकल्सच्या शेजारी बसला होता. अमेरिकेच्या महाविद्यालयीन पोरांनी सोव्हिएत संघाला हरवलं, तेव्हा अमेरिकन घरांत त्या दोघांचेच आवाज पोहोचले. १९७९ साली न्यूयॉर्क रेंजर्सला अंतिम फेरीत नेणारा जॉन डेव्हिडसन दुखापतींमुळे लवकर थांबला आणि त्याच रेंजर्सचा समालोचक झाला. २००९ साली त्याला प्रसारणातल्या कामगिरीसाठीचा फॉस्टर ह्यूइट पुरस्कार मिळाला.

गोल झाला की जाळ्यामागचा लाल दिवा लागतो आणि दोष आधी गोलरक्षकाच्या माथी येतो. पण त्या गोलाची सुरुवात बऱ्याचदा साठ-सत्तर फूट अलीकडे, बचावपटूच्या हुकलेल्या पासमध्ये झालेली असते. दिव्यापासून मागे जात ती चूक शोधणं आणि प्रेक्षकाला उलगडून दाखवणं, हे माजी गोलरक्षकाला नेमकं जमतं. त्या दिव्यासमोर तो स्वतः शेकडो वेळा उभा राहिलेला असतो.

खेळाबाहेरही ह्रूडीने अवघड विषयावर तोंड उघडलं. त्याच्या मुलीला तीव्र चिंताविकार आणि ओसीडी (मंत्रचळ) जडला. तिच्या संमतीने कुटुंबाने हे जाहीरपणे सांगितलं. कणखरपणाचा मोठा मान असलेल्या या खेळातला हा माजी गोलरक्षक आता मानसिक आरोग्यावर व्याख्यानं देतो, आणि लेकही त्याच व्यासपीठावरून स्वतःचा अनुभव सांगते.