सायकलला मीटर लावावा की मोबाइल?

सायकल कुणाला ठाऊक नाही? डेअरीला दूध घालायचे, काढा सायकल. दळण आणायचे, काढा सायकल. पोरीची शाळा दोन कोसांवर आहे, तिलाही सायकल. तिला पेट्रोल लागत नाही आणि चालवणाऱ्याचे अंगही धडधाकट राहते.

हल्ली सकाळी मोठ्या रस्त्याला उभे राहिले, की हेल्मेट घातलेले सायकलस्वार रांगेने जाताना दिसतात. त्यांच्या हँडलकडे पाहा. कुणाच्या हँडलवर काडेपेटीएवढे यंत्र असते. कुणी तिथे चक्क मोबाइलच अडकवलेला असतो. "हे कशाला रे बाबा?" असे आपण विचारतो. "किती किलोमीटर झाले ते कळतं, काका," असे उत्तर मिळते.

मग आपल्या घरातला पोरगाही हट्ट धरतो, "आबा, मला सायकलचा मीटर हवा." आबा म्हणतात, "घरात मोबाइल आहे की! वेगळा मीटर कशाला?" दोघांचेही थोडेथोडे खरे आहे. पण पैसा घामाचा असतो. म्हणून आधी समजून घेऊ, मग ठरवू.

चाकाचे फेरे मोजणारा मीटर

मीटरची कल्पना नवी नाही. अमेरिकेत कर्टिस व्हीडर नावाच्या माणसाने १८९५ साली असा एक छोटा मीटर बाजारात आणला. चाकाच्या तारेला एक खिटी बसवायची. चाक एकदा फिरले, की खिटी मीटरच्या दातेरी चक्रीला एक टोला देई आणि आकडा पुढे सरके. बस, एवढेच.

आजचा साधा मीटरही तेच करतो. फक्त खिटीच्या जागी तारेला लोहचुंबकाचा लहान तुकडा असतो. पुढच्या चिमट्यावर एक डबी बसवतात. चुंबक डबीसमोरून गेला, की मीटरला कळते, चाकाचा एक फेरा झाला. फेरे किती आणि चाकाचा घेर किती, यांचा गुणाकार केला की अंतर निघते. त्याला लागलेल्या वेळाने भागले की वेग निघतो.

हा मीटर काही शे रुपयांत मिळतो. त्यात गोळीएवढी चपटी बॅटरी असते. ती महिनोन् महिने टिकते. त्याला चार्जिंग नको, रेंज नको. मात्र रस्ता तो दाखवीत नाही. फाट्यावर डावीकडे वळायचे की उजवीकडे, हे माणसालाच विचारावे लागते.

त्याचा एक धोकाही आहे. चाकाचा घेर त्यात आपण भरायचा असतो. तो चुकला, की सगळेच चुकले. समजा, घेर २१० सेंटिमीटर आहे आणि दुकानदाराने २२० भरला. चाकाचे दहा हजार फेरे झाले. खरे अंतर झाले २१ किलोमीटर. मीटर दाखवील २२! यंत्र खोटे बोलत नाही. त्याला जे सांगितले, त्यावरच ते हिशेब करते.

आकाशाकडे कान लावणारा मीटर

दुसऱ्या जातीचा मीटर चाकाकडे पाहतच नाही. तो आकाशाकडे कान लावून असतो. पृथ्वीपासून सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून काही उपग्रह फिरत असतात. अमेरिकेने सोडलेल्या अशा उपग्रहांची जी व्यवस्था आहे, तिला जीपीएस म्हणतात. ती १९९५ साली पूर्ण झाली. पुढे इतर देशांनीही आपापले उपग्रह सोडले. हे उपग्रह सारखी वेळ सांगत असतात. निदान चार उपग्रहांचे संदेश आले, की आपण पृथ्वीवर नेमके कुठे आहोत, हे यंत्र काढते.

यासाठी पैसे पडत नाहीत. मोबाइलची रेंजही लागत नाही. घाटात रेंज गेली तरी उपग्रहाचा संदेश येतो. मात्र बोगद्यात तो पोचत नाही. दाट झाडीत आणि उंच कड्याखाली थोडी चूक होते.

असा मीटर रस्त्याचा नकाशा दाखवतो, चढ किती तेही सांगतो. तो पावसात भिजला तरी चालतो. पुष्कळ मीटरांचे आकडे भर उन्हातही स्वच्छ दिसतात. बॅटरी एका चार्जिंगवर साधारण पंधरा-वीस तास पुरते. दोष एकच. तो महाग आहे. त्याला काही हजार रुपये पडतात. भारी मीटर तर चांगल्या मोबाइलपेक्षाही महाग असतो.

मोबाइलची गोष्ट

आता मोबाइल घ्या. उपग्रहाचे बोलणे त्यालाही कळते. त्यात एखादे ॲप घातले, की तोही अंतर, वेग आणि रस्ता दाखवतो. त्याचा पडदा मोठा असतो. आधीच खरेदी केलेला असतो, म्हणून नवा खर्च नाही. मग प्रश्नच मिटला, असे वाटेल.

पण जरा थांबा. मोबाइल हँडलवर लावला, की पडदा सतत चालू ठेवावा लागतो. उन्हात दिसावे म्हणून उजेड वाढवावा लागतो. मग बॅटरी भराभर उतरते. चैत्र-वैशाखाच्या उन्हात तो इतका तापतो, की पडदा आपोआप मंद होतो. कधी तर बंदच पडतो. पावसात काचेवर थेंब पडले, की बोट नीट ओळखत नाही. मीटरला बटणे असतील तर ती ओल्या हातानेही दाबता येतात.

शिवाय आपले रस्ते! खड्ड्यात चाक आदळले, की पकड सैल होते आणि मोबाइल डांबरावर पडतो. धक्क्यांचेही भय असते. मोटरसायकलच्या जोरदार थरथरीने मोबाइलचा कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा ॲपल कंपनीनेच २०२१ साली दिला होता. सायकलची थरथर तेवढी नसते, हे खरे. पण खडबडीत रस्त्याला जपलेले बरे.

सर्वांत मोठी गोष्ट निराळीच आहे. पुष्कळ घरांत मोबाइल एकच असतो. पंक्चरवाल्याला पैसे त्यातूनच द्यायचे. बँकेचा निरोप त्यातच यायचा. समजा, बाप सायकलवर तालुक्याला निघाला. वाटभर नकाशा पाहत गेला. येताना अंधार पडला, चाक निखळले, पायाला मार बसला. ११२ नंबर फिरवायचा, तर मोबाइल मेलेला! घरची माणसे दारात उभी. फोन लागत नाही. किती किलोमीटर झाले, या आकड्याची त्या वेळी काय किंमत? म्हणून आम्ही म्हणतो, मोबाइलची शेवटची बॅटरी घरच्यांसाठी राखून ठेवा.

आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. काही ॲपे आपला रस्ता सगळ्या जगाला दाखवतात. आपण रोज किती वाजता निघतो, घर कुठे आहे, हे परक्याला कळते. २०१८ साली अशाच एका ॲपच्या नकाशावरून सैन्याचे तळ कुठे आहेत, हे उघडे पडले होते. म्हणून ॲप घेतले, तर 'फक्त मला दिसावे' असे त्यात आधी ठरवा. येत नसेल, तर जाणत्या पोराला बसवून करून घ्या.

कुणी काय घ्यावे?

डेअरी, शाळा, बाजार एवढाच रोजचा फेरा असेल, तर काहीच घेऊ नका. रस्ता पायाखालचा आहे. मैलाचे दगड आहेतच. तेवढ्या पैशांत चांगला ब्रेक आणि मागचा दिवा येईल. ती खरी गरज.

रोज किती चालवली, हे पाहण्याची हौस असेल, तर साधा चुंबकाचा मीटर घ्या. मोबाइल खिशात, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. रस्ता नोंदवायचा असेल, तर ॲप सुरू करून पडदा बंद करा. त्याने बॅटरी पुष्कळ वाचते. नवख्या गावी जायचे असेल, तर नकाशा घरीच उतरवून घ्या. फाट्यावर सायकल थांबवा, नकाशा पाहा, पुन्हा खिशात टाका.

लांब पल्ल्याच्या स्वाऱ्या करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. आपल्या महाराष्ट्रातही अशा स्वाऱ्या होतात. त्यांत २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पार करायचे असतात. फ्रान्समध्ये दर चार वर्षांनी पॅरिसहून ब्रेस्तला जाऊन परत येण्याची १२०० किलोमीटरांची स्वारी असते. तिला जास्तीत जास्त ९० तास मिळतात. रात्र असते, पाऊस असतो, रस्ता परका असतो. तिथे उपग्रहाचा मीटर पैसे वसूल करतो.

आणि कोणतेही यंत्र लावा, डोळे रस्त्यावर ठेवा. ताशी १८ किलोमीटर वेगाने जाताना तीन सेकंद आकड्याकडे पाहिले, तर तेवढ्यात सायकल सुमारे ५० फूट पुढे जाते. त्या ५० फुटांत एखादे वासरू आडवे येते, एखादे पोर चेंडूमागे धावते.

घरी करून पाहा

चाकाचा घेर तुम्हीच मोजा. टायरमध्ये हवा नेहमीएवढी भरा. व्हॉल्व्ह बरोबर खाली आणा आणि जमिनीवर खडूने रेघ मारा. सायकलवर बसा, म्हणजे टायर नेहमीसारखा दबेल. दुसऱ्याने सायकल धरून सरळ पुढे न्यावी. व्हॉल्व्ह पुन्हा बरोबर खाली आला, की तिथे दुसरी रेघ मारा. शिंप्याच्या टेपने दोन्ही रेघांमधले अंतर मोजा. तोच चाकाचा घेर. तो वहीत लिहून ठेवा.

आम्ही हे मोजून पाहिले. दोनदा मोजले, दोन निराळे आकडे आले. पहिल्या वेळी हवा कमी होती! मीटर घेतलात, तर दुकानदाराला हा आकडा सांगा आणि त्याने तोच भरला का, ते स्वतः वाचून पाहा. आता आपल्याला आकडे वाचता येतात. दुसऱ्याच्या भरवशावर राहायचे कारण उरलेले नाही.