ब्रेक सुधारणा, जुन्या स्पोर्ट्स मोटारगाडीची

जुन्या मोटारगाडीची थांबण्याची क्षमता व विश्वसनीयता वाढविण्यासाठी तिच्या ब्रेक यंत्रणेत केलेला बदल. ड्रम ब्रेकच्या जागी डिस्क ब्रेक बसविणे, द्रवीय दाबाचे मंडल दुहेरी करणे, तसेच घर्षण अस्तरे, नळ्या व ब्रेक द्रव बदलणे या कामांचा यात समावेश होतो. विसाव्या शतकाच्या मध्यातील ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांचे अनेक मालक हे काम घरच्या गॅरेजमध्ये करतात. केवळ ब्रेकचा जोर वाढविला, तर गाडी पूर्वीपेक्षा अधिक धोकादायक होऊ शकते. पुढील व मागील चाकांच्या ब्रेकमधील समतोल राखणे हे या सुधारणेचे मर्म होय.

पूर्वपीठिका : फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचे एकस्व घेतले होते; तथापि स्पोर्ट्स गाड्यांत त्यांचे महत्त्व १९५३ च्या ल मां शर्यतीने पटले. त्या शर्यतीत डनलॉप डिस्क ब्रेक असलेली जॅग्वार सी-टाइप गाडी विजयी झाली. १९५६ मध्ये ट्रायम्फ टीआर-३ या गाडीच्या पुढील चाकांना डिस्क ब्रेक आले. इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९५५–६२ या काळात तयार झालेल्या एमजीए गाडीत हे स्थित्यंतर स्पष्ट दिसते. तिच्या मूळ १५०० प्रकारात चारही चाकांना २५४ मिमी. व्यासाचे ड्रम होते. १९५८ च्या ट्विन कॅम प्रकारात चारही चाकांना, तर १९५९ च्या १६०० प्रकारात फक्त पुढील चाकांना डिस्क ब्रेक बसविण्यात आले. त्यामुळे १५०० प्रकारातील गाडी सुधारताना १६०० ची रचना हा नैसर्गिक आदर्श ठरतो.

तत्त्व : ब्रेक गाडीच्या गतिज ऊर्जेचे घर्षणाने उष्णतेत रूपांतर करतात. सु. ९०० किग्रॅ. वस्तुमानाची गाडी ताशी ५० किमी. वेगाने जात असता तिची गतिज ऊर्जा सु. ८७ किलोजूल असते. वेग दुप्पट झाल्यास ती चौपट, म्हणजे सु. ३४७ किलोजूल होते. घाटाच्या उतारावर वारंवार ब्रेक लावल्यास ही उष्णता साठत जाते. ड्रम तापला की प्रसरण पावून आतील शूपासून दूर जातो व अस्तराचा घर्षणांकही घटतो. परिणामी पेडल अधिक खाली जाऊनही गाडी पुरेशी मंदावत नाही. डिस्क उघडी असल्याने लवकर थंड होते आणि तापल्यावर तिची जाडी वाढत असल्याने ती पॅडपासून दूर जात नाही. मात्र ड्रममधील अग्रगामी शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन आपोआप अधिक दाबला जातो. डिस्कमध्ये हा लाभ नसल्याने पायाचा जोर अधिक लागतो. तो कमी करण्यासाठी एंजिनाच्या निर्वातावर चालणारा सर्व्हो वापरतात. पण सर्व्होमुळे टायरची पकड वाढत नाही.

समतोल : ब्रेक लावताच गाडीचा भार पुढील चाकांकडे सरकतो. चाकांच्या जोड्यांमधील अंतर २.३९ मी., गुरुत्वमध्याची उंची सु. ०.५ मी. आणि मंदन गुरुत्वीय प्रवेगाच्या ०.८ पट धरल्यास, स्थिर असताना दोन्ही जोड्यांवर समान असलेला भार बदलून सु. दोन-तृतीयांश पुढील चाकांवर येतो. म्हणून मुख्य काम पुढील ब्रेकनेच करावयाचे असते. मागील चाकांना जोरदार डिस्क बसवून त्यांचा दाब मर्यादित न केल्यास ती चाके आधी जखडतात व गाडी गिरकी घेते. पुढील चाके जखडल्यास स्टिअरिंग निरुपयोगी होते.

सुधारणेचा क्रम : जुन्या गाडीचे ब्रेक निकृष्ट वाटण्याचे कारण बहुधा रचनेत नसून झिजेत असते. रबरी नळ्या आतून फुगून बंद होतात, सिलिंडर गंजतात, ड्रम लंबवर्तुळाकार होतात. ग्लायकॉलयुक्त ब्रेक द्रव हवेतील ओलावा शोषतो. डॉट ४ दर्जाच्या कोरड्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३०° से. असतो, सु. ३.७ टक्के पाणी शोषल्यावर किमान मर्यादा १५५° से. एवढीच राहते. द्रव उकळून वाफ झाल्यास, ती दाबली जात असल्याने, पेडल एकाएकी तळाला जाते. म्हणून प्रथम मूळ यंत्रणा पूर्ववत करावी आणि त्यानंतरच रूपांतराचा विचार करावा.

डिस्क बसविताना हब, कॅलिपर व त्याचा आधार, डिस्क आणि नळ्या परस्परांशी जुळणाऱ्या संचातूनच घ्याव्यात. कॅलिपरच्या पिस्टनांचे क्षेत्रफळ वाढल्यास अधिक द्रव लागतो व पेडलाचा प्रवास वाढतो. मास्टर सिलिंडरचा व्यास वाढविल्यास प्रवास घटतो, पण पेडल जड होते. ड्रमसाठी मास्टर सिलिंडरमध्ये थोडा अवशिष्ट दाब राखणारी झडप असते. ती डिस्कच्या मंडलात तशीच राहिल्यास पॅड सतत घासून तापतात. एमजीएमध्ये पायाच्या ब्रेकचे मंडल एकच असल्याने एक नळी फुटली तरी चारही चाकांचे ब्रेक जातात आणि फक्त हातब्रेक उरतो. दुहेरी मास्टर सिलिंडर बसविल्यास एका जोडीचे ब्रेक शाबूत राहतात. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा बदल डिस्कइतकाच मोलाचा आहे.

दक्षता : गाडी केवळ जॅकवर ठेवून तिच्याखाली काम करू नये, पक्क्या लोखंडी घोड्यांचा आधार द्यावा व जमिनीवरील चाकांना अडण लावावी. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टस असण्याचा संभव असल्याने धूळ हवेच्या झोताने उडवू नये. ती ओली करून पुसावी व योग्य श्वसनरक्षक वापरावा. इंची व मेट्रिक आट्यांचे भाग एकमेकांत बसवू नयेत. सिलिकोनयुक्त डॉट ५ द्रव ग्लायकॉलयुक्त द्रवात मिसळू नये.

चाचणी : नळ्यांतील हवा सामान्यतः मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करून काढतात. नंतर पेडल काही मिनिटे जोराने दाबून धरून प्रत्येक सांधा तपासावा. चाके हाताने फिरवून ती मोकळी फिरतात याची खात्री करावी. पहिली चाचणी निर्मनुष्य जागी अगदी कमी वेगाने घ्यावी आणि वेग वाढवीत नेऊन कोणती चाके प्रथम जखडतात हे पाहावे. नवे पॅड डिस्कवर नीट बसेपर्यंत पूर्ण परिणामाची अपेक्षा ठेवू नये. बारीकशी गळती किंवा एका बाजूला होणारी ओढही आढळल्यास काम अपुरे समजावे. घरी केलेल्या कामाची अखेरची तपासणी जाणकार कारागिराकडून करून घेतल्याशिवाय गाडी रहदारीत नेऊ नये. कारण या यंत्रणेतील चूक एंजिनातील बिघाडाप्रमाणे गाडी थांबवीत नाही, ती थांबू देत नाही.