घरची भाजी : लेखांक 9
बाटली उघडण्याआधी पान उलटा

नवरात्र जवळ आलं की अंबरनाथ-बदलापूरच्या परसबागांतून एकच तक्रार ऐकू येते. कारली धरतात, बोटाएवढी होतात आणि पिवळी पडून गळतात. दोडक्याचं तेच, काकडीचं तेच. मग शेजारचं कोणीतरी सांगतं, 'कीड लागलीय, औषध मारा', आणि दुकानातून आणलेली एक बाटली बाल्कनीच्या कोपऱ्यात मुलांच्या सायकलीशेजारी येऊन बसते. ती उघडण्याआधी करायच्या कामाबद्दल आजचा लेख आहे.

गळलेलं कारलं उचला आणि चाकूने उभं चिरा. आत पांढऱ्या, बारीक, वळवळणाऱ्या अळ्या असतील तर ती फळमाशी. आतून फळ स्वच्छ असेल, फक्त सुकून आक्रसलेलं असेल, तर बहुतेक वेळा कीड नाहीच. त्या फुलाचं परागीकरण झालेलं नाही. या दोन दुखण्यांचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत. दुसऱ्या दुखण्यावर औषध मारलं तर उरल्यासुरल्या मधमाश्याही मरतात आणि फळं आणखी गळतात. पाचव्या-सहाव्या मजल्याच्या गॅलरीत वेल चढवणाऱ्यांच्या वाट्याला हे दुसरंच दुखणं जास्त येतं, कारण तिथवर मधमाश्या पोचत नाहीत.

वेलभाज्यांत नरफूल आणि मादीफूल वेगवेगळं येतं. मादीफुलाच्या मागे इवलंसं फळ आधीच दिसतं, नरफूल साध्या देठावर असतं. ताजं उमललेलं नरफूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मधला परागांचा भाग मादीफुलाच्या मध्यावर हलक्या हाताने टेकवायचा. वेळ मात्र पाळायला हवी. कारलं, काकडी, लाल भोपळा यांची फुलं सकाळी उमलतात. दुधीची पांढरी फुलं आणि दोडक्याची पिवळी फुलं दिवस कलल्यावर. दुधीचं फूल सकाळी दहाला हाताळून उपयोग नाही. संध्याकाळी ऑफिसातून येऊन दिवा लागायच्या सुमारास हे काम केलं तर दुधी हमखास धरतो.

आता खऱ्या फळमाशीकडे वळू. आपल्या भागात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत कोसळतो. त्या दमट हवेत ही माशी फोफावते. घरमाशीपेक्षा थोडी लहान, तांबूस-पिवळसर, पंखांवर ठिपके. मादी कोवळ्या फळाच्या सालीला टोचा मारून आत अंडी घालते. टोचलेल्या जागी चिकाचा एक थेंब सुकून बसलेला दिसतो आणि फळ त्या बाजूला वाकडं होतं. आत अळ्या गर खातात, फळ सडून खाली पडतं, अळ्या मातीत शिरून कोष करतात आणि काही दिवसांनी नव्या माश्या बाहेर येतात. हे चक्र समजलं की फवारणी वाया का जाते तेही कळतं. अळी सालीच्या आत, कोष मातीच्या आत. औषध पडतं ते पानांवर, आणि दुसऱ्या दिवशीच्या सरीत तेही धुऊन जातं.

म्हणून गळलेलं एकही फळ वेलाखाली राहू देऊ नका, आणि कृपा करून ते कंपोस्टच्या ड्रममध्ये टाकू नका. तिथे माश्यांची पैदासच होते. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार-पाच दिवस कडक उन्हात ठेवा, मग कचऱ्यात द्या. वेलाखालची माती आठवड्यातून एकदा खुरप्याने वरखाली करा. फळ बोटाच्या पेराएवढं झालं की त्याला कागदी पिशवी किंवा जुन्या ओढणीच्या कापडाची सैल थैली घाला. पावसात कागद टिकत नाही, कापड टिकतं. एकरभर मांडवाच्या शेतकऱ्याला इतकी फळं झाकणं परवडत नाही, तुम्हाला परवडतं. तुमच्या वेलावर एका वेळी मोजकी फळं असतात, आणि ही तुमची फार मोठी सोय आहे.

सापळ्यांबद्दल एक गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक सापळा' आंब्याच्या फळमाशीसाठी कोकणात चांगला परिचित आहे. त्यात मिथाइल युजेनॉल वापरतात. कारली-काकडीवरची माशी वेगळ्या जातीची, आणि तिच्या नराला ओढतो तो क्यू-ल्यूर. आंब्याचा सापळा कारल्याच्या मांडवात टांगला तर त्यात माश्या सापडतीलही, पण तुमच्या कारल्याला त्याचा फायदा होणार नाही. घेताना भाजीचं नाव सांगून क्यू-ल्यूरच मागा. हा सापळाही फक्त नर पकडतो. आजूबाजूला आणखी वेल असतील तर एकट्याच्या सापळ्याने भागत नाही. सोसायटीतल्या तीन-चार घरांनी मिळून लावले तर फरक दिसतो.

पाऊस ओसरून ऑक्टोबरचं ऊन तापू लागलं की शत्रू बदलतात. रस शोषणाऱ्या किडी, म्हणजे मावा, तुडतुडे, पांढरी माशी, फुलकिडे, कोळी, यांचा हंगाम सुरू होतो. पाऊस त्यांना धुऊन काढत होता, आता तो नाही. त्या बहुतेक पानाच्या खालच्या बाजूला राहतात, त्यामुळे वरून पाहणाऱ्याला फक्त परिणाम दिसतो.

मिरचीचं उदाहरण घ्या. पानं आकसली की आपण सरसकट 'चुरडा-मुरडा' म्हणतो, पण पान कोणत्या बाजूला वळलंय ते नीट पाहा. कडा वर उचलून पान होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे. पांढऱ्या कागदावर शेंडा झटका. बारीक, पिवळसर, सुईच्या टोकाएवढे जीव पळताना दिसतील. पान उलट खाली वळलं असेल, देठ लांबले असतील आणि पान मागून तेलकट-तांबूस दिसत असेल तर कोळी. तो भिंगाशिवाय दिसत नाही. कोळी हा कीटकच नव्हे, त्याला आठ पाय असतात, त्यामुळे किडीची बरीच औषधं त्याच्यावर चालत नाहीत. त्याला पाण्यात मिसळणारं गंधक लागतं, लिटरला दोन ग्रॅम, तेही ऊन उतरल्यावर, नाहीतर पानं भाजतात. तिसरा प्रकार वाईट. नवी पानं अगदी बारीक, झाड झुपकेदार आणि खुरटलेलं झालं तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू आहे. त्याला औषध नाही. झाड उपटा, पिशवीत बांधा, बाहेर काढा. भेंडीच्या पानाच्या शिरा जाळीसारख्या पिवळ्या पडल्या, म्हणजे केवडा आला, तरी हेच. जीवावर येतं, पण एक रोगट झाड ठेवलं तर बाकीचीही जातात. भेंडीचं बियाणं घेतानाच केवड्याला दाद न देणारा वाण मागावा. परभणीच्या कृषी विद्यापीठाची 'परभणी क्रांती' त्यासाठीच काढलेली, बंगळुरूच्या संस्थेची 'अर्का अनामिका'ही तशीच. वर्षानुवर्षं वापरून त्यांची ताकद थोडी उतरली आहे, तरी सुट्या, बिननावाच्या बियाण्यापेक्षा त्या बऱ्या.

मावा आणि पांढरी माशी यांच्यावर पहिला उपाय पाण्याचा. पान उलटं धरून नळीच्या जोरदार धारेने खालची बाजू धुवा, सकाळच्या वेळी, दोन-तीन दिवसाआड. बाल्कनीतल्या दहा-बारा कुंड्यांना बरेचदा एवढं पुरतं. पुढची पायरी निंबोळी अर्काची. पन्नास ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या भरड कुटून फडक्यात बांधा, रात्रभर लिटरभर पाण्यात ठेवा, सकाळी पुरचुंडी पिळून गाळा, चमचाभर साध्या साबणाचं पाणी मिसळा आणि त्याच दिवशी संध्याकाळी पानांच्या मागून फवारा. संध्याकाळी अशासाठी, की निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन उन्हात लवकर निकामी होतं. ते किडीला तडकाफडकी मारत नाही. तिचं खाणं, कात टाकणं, वाढणं बिघडवतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मावा जिवंत दिसला तर निराश होऊ नका. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत एस. प्रधान आणि सहकाऱ्यांनी 1962च्या सुमारास दाखवून दिलं होतं की निंबोळीचं पाणी फवारलेल्या पिकाला टोळही तोंड लावत नाहीत. ज्यांचं गाव घाटावर आहे त्यांनी जून-जुलैत गावी गेल्यावर निंबोळ्या वेचून, सावलीत वाळवून आणाव्यात. वर्षभराची बेगमी होते.

आता ज्या एका गोष्टीसाठी मी हा लेखांक लिहायला घेतला, ती. जास्वंदीवर, वांग्यावर, पपईवर पांढरा कापूस चिकटल्यासारखा पिठ्या ढेकूण येतो. तो पुसायला बसाल तेव्हा त्या कापसात एक थोडा मोठा, लांब लांब पांढरे झुपके असलेला, भराभर चालणारा जीव दिसेल. तो पिठ्या ढेकणाचा थोरला भाऊ वाटतो आणि सगळ्यात आधी चिरडला जातो. खरं तर तो क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याची अळी असते, आणि ती पिठ्या ढेकूणच खाते. ऑस्ट्रेलियातला हा भुंगेरा कॉफीच्या बागांसाठी 1898 साली भारतात आणला गेला. ओळख सोपी आहे : पिठ्या ढेकूण जागेवर बसून राहतो, काडीने डिवचला तर जेमतेम सरकतो, ही अळी चालत सुटते. तसंच पानामागे केसासारख्या बारीक दांड्यांवर टोकाला एकेक पांढरा मणी उभा दिसला तर ती बुरशी नव्हे. ती क्रायसोपाची अंडी. त्यांतून निघणारी अळी माव्याचा फडशा पाडते. साध्या ढालकिड्याची अळीही काळी, काटेरी, नारिंगी ठिपक्यांची असते. तिच्या रूपावरून तिला गुन्हेगार ठरवू नका. 2008च्या सुमारास पपईवरचा परदेशी पिठ्या ढेकूण दक्षिणेतून पसरत महाराष्ट्रात आला, तेव्हा औषधांनी तो आटोक्यात आला नाही. 2010मध्ये बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी एक चिमुकली परोपजीवी गांधीलमाशी आणून सोडली आणि तिने त्याला आवरलं. अशी मित्रकीड तुमच्या कुंडीत आपणहून, फुकट येते. विषारी फवारा मारला की आधी ती मरते.

पिठ्या ढेकणाभोवती मुंग्यांची रांग असेल तर आधी मुंग्यांचा बंदोबस्त करा. त्याच्या गोड चिकासाठी मुंग्या त्याला जपतात, मित्रकिडींना हुसकावतात. कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेवली की मुंग्या चढत नाहीत. त्या ताटलीत डास होऊ नयेत म्हणून पाणी दोन दिवसांनी बदला.

तळमजल्यावर ज्यांची परसबाग आहे त्यांच्यासाठी शंखी गोगलगायीबद्दल थोडक्यात. रात्री ओली गोणपाटं पसरा, सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून उचला आणि मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाका. मीठ वाफ्यात टाकू नका, माती बिघडते. उघड्या हाताने गोगलगायीला हात लावू नका, आणि तिच्या चिकट वाटा दिसलेली पालेभाजी कच्ची खाऊ नका.

एवढं करूनही बाटली घ्यायची वेळ आली तर डब्यावरचा त्रिकोणी रंग पाहा. लाल म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, निळा, हिरवा अशी उतरती भाजणी. लाल-पिवळ्या रंगाला राहत्या घरात जागा नाही. घरोघरी ढेकणांसाठी वापरलं जाणारं डायक्लोरव्हॉस 31 डिसेंबर 2020 नंतर देशात बंद झालं आहे. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर मारायला 2005 पासून मनाई आहे. जुन्या बाटल्या कोणाच्या माळ्यावर असतील तर त्या वापरू नका. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले. ते मोकळ्या शेतात फवारत होते. आपण तेच चार फूट रुंद गॅलरीत करतो, वाऱ्याने फवारा शेजारच्या वाळत्या कपड्यांवर जातो.

शेवटी पाण्याचं. 1060 सालच्या अंबरनाथच्या शिवमंदिराशेजारून वाहणारी वालधुनी नदी उल्हासनगरातून पुढे जाताना काय काय पोटात घेते हे तिच्या काठी राहणाऱ्यांना सांगायला नको. 2014च्या नोव्हेंबरअखेरीस तिच्यात ओतलेल्या रसायनांच्या वायूने उल्हासनगरात लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं. नाल्याच्या पाण्यावर रुळांकडेला वाढलेला पालक आपण लोकलच्या खिडकीतून वर्षानुवर्षं पाहत आलो आहोत. कारखान्यांचं सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातलं शिसं, कॅडमियम पानाच्या आत साठतं, ते मिठाच्या पाण्याने धुऊन जात नाही. उल्हासनगरच्या सिंधी घरांत साई भाजीला रोज पालक आणि चुका लागतो. या दोन्ही भाज्या सहा इंच खोल ट्रेमध्ये, गच्चीवर, नळाच्या पाण्यावर उत्तम येतात आणि त्यांना कीडही कमी लागते. फळभाजी बाजारातून आणा, हरकत नाही. पालेभाजी तरी घरची करा, आणि तिला नाल्याचं पाणी, नाल्याकाठची माती कधीही घालू नका.

पुढच्या आठवड्यात : दिवाळीआधी पेरायची मेथी, मुळा आणि वाल.