बंद खोक्यात उघडं पान

१९ नोव्हेंबर २००७ रोजी अ‍ॅमेझॉनने आपला पहिला ई-बुक रीडर, किंडल, विक्रीला काढला. किंमत ३९९ डॉलर. रूप म्हणाल तर ओबडधोबड, तिरप्या कडांचं, पडद्याखाली बारक्या बटणांचा अख्खा कीबोर्ड. तरीही सगळा साठा साडेपाच तासांत संपला, आणि पुढचा माल आला तो २००८ च्या एप्रिलअखेरीस. म्हणजे ज्यांनी सहाव्या तासाला पाकिटात हात घातला ते पाच महिने वाट बघत राहिले. त्या माणसांची मला आजवर कधी आठवण आली नव्हती. हल्ली रोज येते, कारण माझाही ई-बुक रीडर वाटेवर आहे आणि दारावरची बेल वाजली की हातातलं काम तसंच टाकून मीच आधी उठतो.

या प्रतीक्षेत एक विचित्र प्रकार आहे. पुस्तकं केव्हाच आलेली आहेत. ऑर्डर दिली त्याच संध्याकाळी उत्साहाच्या भरात काही मराठी पुस्तकं विकत घेतली. ती पैसे भरता भरता खात्यात येऊन बसली. शेकडो पानांचा मजकूर डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पोचला. यायचा राहिलाय तो कोरा कागद. तो मात्र भिवंडीच्या गोदामातून ट्रकमध्ये बसून, पुण्याला मुक्काम करून, खंबाटकी ओलांडून साताऱ्याला येणार. कव्हर वेगळ्या पार्सलने आधीच येऊन पडलंय. त्याची घडी उघडून मिटून बघण्याचा कार्यक्रम घरच्यांनी पुरेसा पाहिला आहे.

ट्रॅकिंगचं पान पुन्हा पुन्हा उघडणाऱ्या माणसाला एक गोष्ट कळली पाहिजे. हे खोकं आपल्यापर्यंत नेमकं येतं ते सहा आकड्यांच्या जोरावर, आणि त्या आकड्यांमागे एक मराठी माणूस आहे. पिनकोड भारतात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. तो तयार केला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. केंद्राच्या दळणवळण मंत्रालयात ते अतिरिक्त सचिव होते आणि संस्कृतात काव्यं-नाटकं लिहीत. एकाच नावाची गावं ढिगाने, पत्ता लिहायच्या भाषा आणि लिप्या अनेक, अक्षर तर विचारूच नका. यावर त्यांनी आकड्यांचा उपाय काढला. साताऱ्याचा ४१५००१ घ्या. पहिल्या ४ मध्ये महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड येतात. दुसऱ्या आकड्याने त्यातला एक भाग निवडला जातो, तिसऱ्याने टपालाची छाननी करणारा जिल्हा ठरतो आणि उरलेले तीन थेट पोस्ट ऑफिसवर बोट ठेवतात. टपालखात्यासाठी केलेली ही सोय आज खाजगी कुरिअरवाल्यांनाही तितकीच लागते. माझ्या ई-रीडरला वाट दाखवणारा माणूस संस्कृत कवी होता, हे मला फार आवडतं.

आता खोक्याच्या आत डोकावू. अशा रीडरचं खोकं उघडलं की पडद्यावर बहुधा आधीच एखादं चित्र किंवा सूचना असते. ती इतकी छापल्यासारखी दिसते की वर चिकटवलेलं स्टिकर समजून नखाने उपटायला जाणारे लोक आहेत. ते चित्र कारखान्यात उमटलं, तेव्हापासून ते तसंच आहे. बंद खोक्यात, मिट्ट अंधारात, भिवंडीच्या गोदामात, ट्रकच्या हौद्यात. ते टिकवायला बॅटरीचा एक कणही खर्च होत नाही. उद्या बॅटरी काढून घेतली तरी ते पुसलं जाणार नाही. फोनचा पडदा वीज गेली की काळा पडतो. याचा पडदा वीज गेली की आहे तिथेच थांबतो. असं का, हे समजून घेण्यात माझे प्रतीक्षेचे दिवस बरे चालले आहेत.

कारण असं, की या पडद्यावर अक्षरं प्रकाशाची नसतात. ती रंगाची असतात. खरोखरच्या, वजन असलेल्या रंगद्रव्याची. पडद्यात एक पातळ थर असतो आणि त्यात दाटीवाटीने बसलेल्या सूक्ष्म कुप्या असतात, शिजलेल्या साबुदाण्यासारख्या पारदर्शक, पण एकेकीचा व्यास साधारण माणसाच्या केसाच्या जाडीएवढा. कुपीत स्वच्छ द्रव असतो. द्रवात दोन जातींचे कण तरंगतात, पांढरे आणि काळे. पांढरे टायटॅनियम डायऑक्साइडचे. घराच्या भिंतीला लावायच्या पांढऱ्या रंगात जे असतं तेच. पांढऱ्या कणांवर धन विद्युतभार असतो, काळ्यांवर ऋण. थराच्या खाली इलेक्ट्रोडची बारीक जाळी असते. एखाद्या ठिकाणी खालून ऋण दाब दिला की पांढरे कण खाली ओढले जातात, काळे वर ढकलले जातात आणि तिथे काळा ठिपका दिसतो. दाब उलटा केला की पांढरा. कण एकदा जागेवर गेले की तिथेच राहतात. वीज लागते ती फक्त त्यांना हलवायला.

म्हणजे पान उलटणं ही यात सामुदायिक स्थलांतराची घटना आहे. सहा इंची, ३०० पीपीआयच्या (म्हणजे इंचाला ३०० ठिपके असलेल्या) पडद्यावर १०७२ गुणिले १४४८ इतके ठिपके असतात, साडेपंधरा लाखांहून जास्त. बोटाने पडदा टिचकावला की या प्रत्येक ठिपक्यापाशी यंत्र ठरवतं, इथल्या कणांनी जागा सोडायची की नाही, आणि सोडायची तर किती. पूर्ण वर, पूर्ण खाली किंवा मधे कुठे. त्यातून काळ्या-पांढऱ्याच्या १६ छटा निघतात. मला सगळ्यात चकित केलं ते एका बारीकशा गोष्टीने. कुप्या ठिपक्यांच्या जाळीवर मोजून-मापून बसवलेल्या नसतात, त्या कशाही पसरलेल्या असतात. एकच कुपी दोन ठिपक्यांच्या हद्दीवर आली तर तिचा अर्धा भाग काळा आणि अर्धा पांढरा होऊ शकतो. इतक्या बेशिस्त मांडणीतून ‘ळ’ची गाठ आणि अनुस्वाराचं टिंब स्वच्छ उमटतं.

मधूनच पान उलटताना पडदा क्षणभर काळा होऊन उजळतो. नवख्याला वाटतं, बिघडला. खरं तर मागच्या पानाची पुसट सावली राहू नये म्हणून सगळ्या कणांना एकदा खालीवर नाचवलेलं असतं. थंडीत द्रव घट्ट होतो आणि कणांची चाल मंदावते. म्हणून यंत्रात तापमान मोजायची सोय असते आणि त्यानुसार दाब किती वेळ द्यायचा हे बदललं जातं. महाबळेश्वरच्या डिसेंबरात आणि सोलापूरच्या मे महिन्यात ‘पान उलट’ या हुकुमाचा तपशील एक नसतो.

विजेने कण सरकतात हे ज्ञान मात्र जुनं आहे. १८०७ मध्ये मॉस्कोत फर्डिनांड रॉइस या शास्त्रज्ञाने पाण्यातल्या चिकणमातीत वीज सोडली आणि मातीचे कण एका टोकाकडे चालू लागलेले पाहिले. आज प्रयोगशाळेत डीएनएचे लहानमोठे तुकडे वेगळे करतात तेही याच ओढीने. या ओढीवर चालणारे पडदे १९७० च्या दशकातही करून पाहिले गेले, पण त्यातले कण कालांतराने एकमेकांना चिकटायचे, तळाशी बसायचे, एका कोपऱ्यात गोळा व्हायचे. कणांना छोट्या छोट्या कुप्यांत कोंडायचं, म्हणजे त्यांना भटकायला जागाच उरत नाही, ही युक्ती जमली ती अमेरिकेतल्या एमआयटीत. जोसेफ जेकबसन हे प्राध्यापक आणि बॅरेट कॉमिस्की व जे. डी. अल्बर्ट हे पदवीचे विद्यार्थी, हो, पदवीचे, यांनी ती साधली. १९९७ मध्ये ई इंक ही कंपनी निघाली, १९९८ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात निबंध आला. जेकबसन यांच्या डोक्यात होतं ते फार मोठं पुस्तक: खऱ्याखुऱ्या शेकडो पानांचं, बांधणीचं, पण प्रत्येक पानावर हवा तो मजकूर उमटवणारं. आपल्या हाती आलं त्यातलं एकच पान. मला विचाराल तर तेवढ्याने भागलं. पानं चाळण्याचं सुख तेवढं हुकलं, आणि ते मी हुकलेलंच धरतो. यंत्राचे भक्त काहीही म्हणोत.

कुप्यांच्या या इलेक्ट्रॉनिक शाईचा पहिला विकाऊ रीडर २००४ मध्ये सोनीने जपानात आणला, त्याचं नाव लिब्रिए. पडदा उत्तम होता, पण त्यावर घेतलेलं पुस्तक ६० दिवसांनी आपोआप बंद पडायचं. वाचकांनी पाठ फिरवली, आणि बरं केलं. आपण पुस्तक विकत घेतो की वाचायची परवानगी, हा प्रश्न तेव्हापासून या यंत्राच्या मागे लागला आहे. जुलै २००९ मध्ये तो फारच बोचरा झाला. विक्रेत्याकडे हक्क नव्हते म्हणून अ‍ॅमेझॉनने ग्राहकांच्या किंडलवरून एक पुस्तक परस्पर काढून घेतलं, आणि ते पुस्तक होतं जॉर्ज ऑर्वेलचं ‘१९८४’. कंपनीच्या प्रमुखांना जाहीर माफी मागावी लागली.

मराठी वाचकाला वेगळ्या कारणाने थांबावं लागलं. किंडल भारतात २०१२ मध्ये अधिकृतपणे आलं, पण त्याच्या दुकानात मराठी पुस्तकं आली ती डिसेंबर २०१६ मध्ये, हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळमबरोबर. आपली लिपी पडद्यावर मांडणं हे इंग्रजीपेक्षा अवघड काम आहे. यंत्रात ‘किरण’ साठवताना आधी क येतो, मग ऱ्हस्व वेलांटी. दाखवताना मात्र वेलांटी उचलून क च्या आधी आणून ठेवावी लागते. ‘कीर्ती’मधला र साठवणीत त च्या अलीकडे असतो आणि दिसताना त च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतले र वेगळे दाखवायचे तर साठवतानाही वेगळे लिहावे लागतात. अक्षराचा आकार वाढवला की ही सगळी जुळवाजुळव, ओळी मोडणं, पानं पाडणं, पुस्तकभर पुन्हा होते. चष्म्याचा नंबर वाढलेल्या माणसाला मोठ्या टायपातली नवी आवृत्ती तिथल्या तिथे मिळते. छापील पुस्तकाला हे कधी जमलं नाही.

आणि वजन? २०११ मध्ये बर्कलीच्या जॉन क्युबियाटोविच या संगणकशास्त्रज्ञाने हिशेब मांडला होता की चार जीबीचं किंडल पुस्तकांनी काठोकाठ भरलं की ते रिकाम्यापेक्षा जड होतं. इलेक्ट्रॉन तेवढेच असतात, पण माहिती साठवताना त्यांतले काही जास्त ऊर्जेच्या स्थितीत अडकवले जातात, आणि आइन्स्टाइनच्या नियमाने ऊर्जा म्हणजे वस्तुमान. वाढ किती, तर एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाचा अब्जावा भाग. घरातल्या पुस्तकांच्या खोक्यांचं वजन ज्यांनी बदलीच्या गावी उचललं आहे, त्यांनी हा आकडा एकदा शांतपणे वाचावा.

तुमचंही पार्सल वाटेत असेल तर हातावर हात ठेवून बसू नका. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी त्याचं साहित्य हक्कमुक्त होतं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०११ पासून सर्वांचं आहे. मराठी विकिस्रोतावरची पुस्तकं ईपब स्वरूपात उतरवून घेता येतात. ती आताच गोळा करून ठेवा. जुन्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफवर मात्र फार विसंबू नका. ते पानांचे फोटो असतात, त्यांतली अक्षरं मोठी करून ओळी नव्याने मांडता येत नाहीत, आणि सहा इंची पडद्यावर ती वाचणं म्हणजे शिक्षा. ऑर्डर अजून द्यायची असेल आणि तसलंच वाचन जास्त असेल तर मोठ्या पडद्याचा रीडर घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी. रात्री दिवा बंद करून वाचायची सवय असेल तर पडद्याच्या कडेला एलईडी असलेलाच घ्या, कारण ही शाई स्वतः उजळत नाही.

आणि एक. कुप्यांच्या त्या थराखाली काचेचा पातळ पापुद्रा असतो, ज्यावर सगळी विजेची जाळी कोरलेली असते. पिशवीत डब्याखाली दबला किंवा गादीवर कोणी त्याच्यावर बसलं की तो तडकतो, आणि पडदा बदलायचा खर्च ऐकून नवा रीडर घेणं बरं वाटतं. तेव्हा कव्हर त्याच ऑर्डरमध्ये मागवा.