दृष्टिहीन वाचक आणि गावचे ग्रंथालय

वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या चार नगरपरिषदा व भोवतालची कित्येक गावे एकत्र करून २००९ साली जी महानगरपालिका अस्तित्वात आली, तिच्या हद्दीत २०११ च्या शिरगणतीने बारा लाखांहून अधिक वस्ती नोंदवली. त्याच शिरगणतीत देशभर दृष्टीचे अपंगत्व असलेल्यांची संख्या पन्नास लाखांवर गेली होती, आणि ते प्रमाण येथे लावले तर या एका शहरात असे पाच हजारांच्या आसपास लोक असावेत असे अनुमान निघते. त्यांपैकी ज्याला वाचनाची आवड आहे, त्याने पुस्तक मागायला जावे कोठे? ताडदेवची व्हिक्टोरिया स्मारक अंधशाळा १९०२ ची, वरळीची 'नॅब' (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) १९५२ ची, सेंट झेवियर्स महाविद्यालयातील दृष्टिहीनांसाठीचे साधनकेंद्र २००३ चे. या संस्थांचे महाराष्ट्रावर मोठे ऋण आहे, परंतु तिन्ही मुंबईत आहेत, आणि विरार लोकलच्या गर्दीत पांढरी काठी सावरीत तेथवर जाण्याची यातायात ज्याच्या नशिबी आली, त्याचा शेजारी मात्र संध्याकाळी फिरायला निघाला असता जाता जाता वाचनालयातून कादंबरी बदलून आणतो. दृष्टिहीन मनुष्य हा दूरच्या धर्मादाय संस्थेचा आश्रित नसून आपल्या गावच्या ग्रंथालयाचा वर्गणीदार सभासद झाला पाहिजे, आणि त्यासाठी लागणारे शास्त्र, यंत्र व कायदा ही तिन्ही आज सिद्ध आहेत. अडले आहे ते अन्यत्र.

शास्त्राचा आरंभ बोटाच्या पेरापासून होतो. फ्रेंच सैन्यातील शार्ल बार्बिये या अधिकाऱ्याने उठावदार बिंदूंची एक लिपी रचली होती, पण तिच्यातील बारा बिंदूंचा समूह एका स्पर्शात पेराखाली मावत नसे, आणि प्रत्येक चिन्ह चाचपण्यासाठी बोट वर-खाली फिरवावे लागे. पॅरिसच्या अंधशाळेत शिकलेल्या लुई ब्रेल याने ते बिंदू सहांवर आणले आणि १८२९ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, आपली पद्धत प्रसिद्ध केली. दोन बिंदूंमधील सुमारे अडीच मिलिमीटरांचे अंतर लहरीने ठरलेले नाही. बिंदू फार जवळ आले तर त्वचेतील स्पर्शसंवेदकांना ते वेगवेगळे ओळखता येत नाहीत, फार दूर गेले तर अक्षर पेराबाहेर सांडते. पुढे १९९६ साली नोरिहिरो सादातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी लहानपणीच दृष्टी गेलेल्या वाचकांच्या मेंदूचे चित्रण केले, तेव्हा डोळस माणसात जो भाग पाहण्याचे काम करतो, तोच ब्रेल वाचताना त्यांच्यात जागृत झालेला आढळला. ब्रेल हे वाचनाऐवजी काढलेले काहीतरी दुय्यम साधन आहे, हा समज एवढ्यानेही दूर व्हावा. स्वागत थोरात यांनी २००८ साली 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले; असा अंक ग्रंथालयात इतर वर्तमानपत्रांच्या शेजारी, त्याच मेजावर मांडलेला असावा.

आपल्या भाषांसाठी १९५१ साली भारती ब्रेल ही समान लिपी मुक्रर झाली. तिच्यात 'वसई' हे नाव चार घरांत बसते : पहिल्यात १, २, ३ व ६ या क्रमांकांचे बिंदू, दुसऱ्यात २, ३ व ४, तिसऱ्यात 'अ'चा १, चौथ्यात ३ व ५. 'विरार' लिहिताना एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. छापील मराठीत ऱ्हस्व वेलांटी 'व'च्या डावीकडे उभी राहते, परंतु भारती ब्रेलमध्ये उच्चाराप्रमाणे आधी 'व' आणि मग 'इ' असा क्रम असतो; आणि संगणकासाठी युनिकोड या संकेतप्रणालीने देवनागरीची जी व्यवस्था लावली, तिच्यातही नेमका हाच क्रम पाळला आहे. त्यामुळे युनिकोडमधील मराठी मजकूर ब्रेलमध्ये उतरविणे हे यंत्राला सहज जमणारे काम झाले असून, त्याच मजकुरापासून मोठ्या टाइपाची प्रत निघते आणि संगणकाचा आवाज तोच मजकूर वाचून दाखवितो.

खरी अडचण आहे ती येथेच. गेल्या तीन-चार दशकांत मराठी पुस्तके संगणकावर जुळविली गेली खरी, पण त्यांतील पुष्कळशी युनिकोडपूर्व फॉन्टांत आहेत, आणि त्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे, म्हणजे कोठे काना, कोठे रफार, कोठे अर्धा 'त', केवळ आकार म्हणून बसविलेले असतात. डोळ्याला पडद्यावर स्वच्छ मराठी दिसते. संगणकाच्या लेखी मात्र तेथे रोमन अक्षरांची आणि विरामचिन्हांची अर्थहीन रांग असते, आणि एनव्हीडीए हा विनामूल्य मिळणारा पडदावाचक ती रांग इमानेइतबारे उच्चारून दाखवितो. म्हणजे पुस्तक संगणकात आहे, ऐकणारा बसला आहे, आणि तरीही दोघांची गाठ पडत नाही. प्रकाशकाने युनिकोडमधील प्रत जपून ठेवावी आणि ग्रंथालयाने खरेदीच्या वेळी ती मागावी, हा व्यवहार रूढ झाला तर निम्मे काम उरकेल. खिळ्यांच्या छापखान्यातील जुन्या पुस्तकांची पाने प्रतिमारूपाने घेऊन यंत्राकडून अक्षरे ओळखवून घ्यावी लागतात. झिजलेल्या टाइपातील अनुस्वार आणि जोडाक्षरे यंत्र हटकून चुकते, म्हणून मूळ प्रत शेजारी ठेवून मुद्रिते तपासणारा जाणता मनुष्य हवा, आणि असे निवृत्त शिक्षक वसईत पुष्कळ आहेत.

हे करण्यास परवाना लागतो काय? लागत नाही. प्रताधिकार कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने, अपंग वाचकांसाठी नफ्याविना ग्रंथाची सुगम प्रत करण्याची मुभा दिली असून त्यासाठी लेखक-प्रकाशकांच्या मंजुरीची अट ठेवलेली नाही. याच विषयावर २०१३ साली झालेल्या माराकेश तहाला २०१४ मध्ये सर्वांआधी मान्यता दिली ती भारताने, आणि २०१६ च्या ऑगस्टमध्ये 'सुगम्य पुस्तकालय' हे देशव्यापी संगणकीय ग्रंथालय सुरू झाले. महाराष्ट्राच्या १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि वर्गानुसार अनुदान मिळते. दृष्टिहीन सभासदाची सोय ही वर्ग ठरविताना पाहण्याची बाब झाली पाहिजे, कारण आपल्याकडील कारभारात अनुदानाशी जोडलेली तरतूद तेवढी अमलात येते, असा अनुभव आहे.

पूर्ण अंध नसलेल्या, अंधुक दिसणाऱ्या वाचकांची गणना आपण सहसा करीतच नाही. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या सुमारे एक तृतीयांश एवढाच प्रकाश पोहोचतो. ट्यूबलाइटखाली वर्तमानपत्र डोळ्यांशी नेणारे आजोबा याच शास्त्रीय नियमाचे पालन करीत असतात. वाचणाऱ्याला हवा तसा वळविता येणारा दिवा, एक चांगले भिंग, जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांवर पिवळा पट्टा आणि कपाटांवर ठसठशीत काळे अंक, एवढ्याला फारसा खर्च येत नाही.

आवाजाविषयी मात्र एक गोष्ट वसईनेच मनावर घ्यायला हवी. यंत्राचा मराठी आवाज प्रमाण भाषेवर बेतलेला असतो, आणि 'चमचा' व 'चहा' यांतील 'च' निराळे असूनही देवनागरी ते वेगळे दाखवीत नसल्यामुळे तो तेथेही अडखळतो. मग वसईच्या सामवेदी किंवा वाडवळी बोलीतील कथा त्याच्याकडून ऐकणे कानाला कसे रुचावे? ज्यांच्या घरात या बोली नांदतात, त्यांनीच ग्रंथालयातील एखाद्या शांत खोलीत बसून ती पुस्तके वाचावीत, ग्रंथपालाने प्रकरणवार ध्वनिमुद्रण करून घ्यावे, आणि एक प्रत 'सुगम्य पुस्तकालया'कडे पाठवावी, म्हणजे अर्नाळ्याच्या वाचकाबरोबरच नोकरीनिमित्त परगावी गेलेल्या दृष्टिहीन वसईकरालाही ती मागविता येईल.