पडवीतली पद्मिनी

मैत्रिणींनो, तुमच्या घराच्या पडवीत किंवा मागच्या अंगणात ताडपत्रीखाली झाकलेली एखादी जुनी गाडी आहे का? असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी पाच मिनिटं काढून हे वाचा. आमच्या घरात अशाच एका गाडीवरून जे रामायण घडलं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाहीये.

आमचं घर वाईचं. मामंजींचा हळदीचा व्यापार. १९८४ साली त्यांनी पांढरी प्रीमियर पद्मिनी घेतली. त्या काळी पैसे हातात असले तरी गाडी लगेच मिळत नसे. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. १९८९ साली लग्न होऊन मी या घरात आले ती याच गाडीतून. आत बसल्याबसल्या पहिला वास आला तो हळदीचा! डिकीत पोती नसायची, पण मामंजींच्या कपड्यांचा वास सीटला कायमचा लागलेला.

पुढची सीट अख्खी, बाकासारखी. गिअर स्टेअरिंगच्या दांड्याला, त्यामुळे पुढे सुद्धा तिघं आरामात बसायची. मागे आम्ही बायका, मांडीवर पोरं, पायाशी डबे आणि पाण्याचा कॅन. तो कॅन प्यायला नव्हे बरं का, गाडीला! त्या काळच्या कुठल्याही गाडीला घाट म्हटला की ताप यायचा. पुण्याहून परतताना खंबाटकीत रांगेनं गाड्या बॉनेट उघडून उभ्या असायच्या. आम्हीही त्यात. पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचं, रेडिएटर निवायची वाट बघायची, तोवर दशम्या आणि चटणी सोडून बसायचं. मुलांना वाटायचं, सहल म्हणजे हीच.

१९९१ च्या श्रावणात, धो धो पावसात, रात्री दोन वाजता मला साताऱ्याला दवाखान्यात नेलं ते याच गाडीतून. माझं डोकं सासूबाईंच्या मांडीवर. पहाटे मुलगी झाली.

मामंजी २०११ साली गेले आणि गाडी पडवीत उभी राहिली ती राहिलीच. आधी धूळ, मग ताडपत्री, मग तिच्यावर वाळत घातलेले सांडगे-पापड. मुलगा पुण्याहून आला की म्हणायचा, "आई, काढून टाक हे धूड. मला माझी गाडी तरी लावता येईल." ह्यांचंही तेच मत. शेवटी भंगारवाला बोलावला. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, लाथेनं टायर बघितला आणि बावीस हजार सांगितले. वजनावर! जणू काही जुनी रद्दीच.

सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. फक्त त्या दिवशी जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी आमचे जुने मिस्त्री आले. म्हणाले, "वहिनी, घाई करू नका. या गाड्यांना आता वेड्यासारखी माणसं शोधत फिरतात." मला थट्टाच वाटली. पण आठ दिवसांत पुण्याचं एक तरुण जोडपं दारात हजर. दोघंही नोकरी करणारी, चांगल्या कपड्यातली. मुलगा नमस्कार करून थेट गाडीखाली आडवा झाला आणि त्याची बायको ताडपत्री बाजूला करून किंचाळली, "काकू, हबकॅप ओरिजिनल आहेत!" मला तर हबकॅप म्हणजे काय हेही धड माहीत नव्हतं.

चहा घेताना मी विचारलंच, "अरे बाळा, एसी नाही, पॉवर स्टेअरिंग नाही. हिच्यात आहे तरी काय?" मग त्या दोघांनी जे सांगितलं, ते ऐकून मी थक्क झाले.

या गाडीचं मूळ इटलीचं, फियाटची ११००. मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनवली प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं. १९४४ साली ही कंपनी काढणारे वालचंद हिराचंद म्हणजे आपले सोलापूरचे! १९६४ पासून 'फियाट डिलाइट', सत्तरच्या दशकात आधी 'प्रेसिडेंट' आणि मग 'पद्मिनी', चितोडच्या राणीच्या नावावरून. इंजिन १०८९ सीसीचं, ताकद जेमतेम ४० अश्वशक्तीच्या आसपास. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीला आपण ओळखायचो ते तिच्याच चेहऱ्यावरून. नव्या गाड्या येत गेल्या तशी मागणी आटली आणि २००० च्या सुमारास उत्पादन थांबलं. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ रोजी, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली.

"पूर्वी शौकीन लोक राजेरजवाड्यांच्या गाड्या जमवायचे," तो मुलगा म्हणाला. "आमच्या घरी कुठला राजा! आम्हाला आमच्या आजोबांची गाडी हवी." म्हणूनच आता पद्मिनी, अ‍ॅम्बेसिडर, कॉन्टेसा, ११८ एनई, अगदी १९८३ साली आलेली पहिली मारुती ८०० सुद्धा, अशा सगळ्या चौकोनी, डब्यासारख्या घरगुती गाड्यांचा शोध घेतला जातो. परदेशातही हेच चाललंय म्हणे. स्वीडनची व्होल्वो २४०, विटेसारखी चौकोनी, मुलांना शाळेत सोडणारी गाडी. आज तिच्यावर जीव टाकणारे लोक आहेत.

त्याची बायको म्हणाली, "काकू, हल्लीच्या गाड्या साबणाच्या वडीसारख्या. सगळ्या सारख्याच गुळगुळीत. हिच्यात बसलं की चारी कोपरे दिसतात. काचा मोठ्या, खांब बारीक. बॉनेट उघडलं की प्रत्येक वस्तू नजरेला पडते, हातानं दुरुस्त करता येते." मग जरा थांबून म्हणाली, "आणि मला ही गाडी चालवायची आहे. आमच्याकडे माझ्या आजीनं कधीच चालवली नाही."

तेवढ्यात आतून सासूबाई आल्या. वय ब्याऐंशी, पण आवाज खणखणीत. म्हणाल्या, "मी विचारलं होतं ह्यांना. गाडी आली त्याच वर्षी. म्हणाले, हा गिअर बायकांच्या हाताला जमायचा नाही."

मला हे पहिल्यांदाच कळत होतं! ज्या हातांनी त्यांनी वर्षानुवर्षं विहिरीचं पाणी ओढलं, हळदीची पोती हलवली, त्या हातांना एक दांडा जमला नसता? आणि खरं सांगू, मी तरी कुठे विचारलं? मी बावीस वर्षं मागच्या सीटवर बसून डबेच सांभाळले. मामंजी वाईट नव्हते हो. तो काळच तसा, असं म्हणून आपण सोडून देतो, एवढंच.

मुलानं सत्तर हजार देऊ केले. ह्यांचा चेहरा उजळला. पण कागद बघितले तर गाडी अजून मामंजींच्याच नावावर! सासूबाई म्हणाल्या, "आधी माझ्या नावावर करा. मग मी ठरवीन काय करायचं ते." घरात कुणी चकार शब्द काढला नाही.

मग सुरू झाल्या साताऱ्याच्या चकरा. मिस्त्रींनी आणि त्या मुलानं मिळून आधी गाडी चालती केली, मग फिटनेस, नोंदणीचं नूतनीकरण, मृत मालकाच्या वारसासाठी असतो तो फॉर्म ३१, नणंदेची ना हरकत. चार महिने गेले. पण आरसीवर सासूबाईंचं नाव आलं तेव्हा त्यांनी चष्मा लावून ते तीनदा वाचलं. घर मामंजींचं, शेत मुलाचं. आयुष्यात पहिल्यांदा एक चाकांची वस्तू त्यांच्या नावावर झाली होती. आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी त्यांनी स्वतःच्या सहीनं ती विकली. सत्तर हजार त्यांच्याच खात्यात गेले. मी म्हटलं, "आई, एवढं करून विकलीत?" तर म्हणाल्या, "पडवीत ठेवून काय तिची पूजा करू? चालवणाऱ्याकडे जाऊ दे."

म्हणून सांगते मैत्रिणींनो, गाडी पडून असेल तर बॅटरी काढून ठेवा, टाकीतलं जुनं पेट्रोल उपसून घ्या. ताडपत्री घट्ट गुंडाळू नका, आत दमट राहून पत्रा गंजतो. उंदीर वायरी खातात, तिकडे लक्ष ठेवा. जुने दिवे, काचा, हबकॅप फेकू नका. कागद वेळीच वारसाच्या नावावर करून घ्या. आणि भंगारातच द्यायची असेल तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात देऊन दाखला घ्या, नोंदणी रद्द करून घ्या. नाहीतर गाडी तुटून जाते आणि कागदावर मात्र तुमच्याच नावावर राहते.

परवा दसऱ्याला ती दोघं गाडी घेऊन आली. झेंडूचं तोरण, चकाकणारा बंपर, सगळी गल्ली गोळा! चालवत होती ती मुलगी. सासूबाईंना तिनं पुढे बसवलं, खिडकीपाशी नाही, अगदी आपल्या शेजारी. मी पलीकडे. मेणवलीच्या रस्त्याला लागल्यावर ती म्हणाली, "आजी, मी क्लच दाबते. तुम्ही दांडा ओढा."

सासूबाईंनी पदर सावरला, दांड्यावर हात ठेवला आणि ओढला. गिअर पडला. गाडी जराशी हिसका देऊन पुढे गेली.

त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "एवढंच होतं होय!"