वैनगंगेतील हौशी मासेमारी आणि लोकसहभाग

प्रस्तुत लेखात गळाने केल्या जाणाऱ्या हौशी मासेमारीचा विचार केला आहे. बालाघाट जिल्ह्यात वैनगंगेवर पोटासाठी जाळे टाकणारे ढीमर बांधव आहेत, तसेच सुटीच्या दिवशी गळ घेऊन बसणारेही आहेत. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट या प्रजननकाळात नदीतील मासेमारीस बंदी असते. ती दोघांनाही लागू आहे.

परंतु बंदीने सर्व प्रश्न सुटत नाही. २०११ मध्ये राज्यमासा ठरलेल्या महाशीरचेच उदाहरण घ्या. हौशी माणसाला मोठाच मासा हवा असतो, आणि मादी जितकी मोठी तितकी तिची अंडी अधिक. म्हणून केवळ "लहान मासा सोडा" हा नियम अपुरा आहे. फार मोठाही सोडावा लागतो. उन्हाळ्यात असे मासे कोणत्या डोहात टिकून राहतात, हे कार्यालयातील नकाशापेक्षा ढीमरांना अधिक ठाऊक असते. नियम करताना त्यांना विचारले जात नाही, ही खरी उणीव होय.

शेजारच्या पेंच राष्ट्रीय उद्यानात तोतलाडोह जलाशयावर विस्थापित आदिवासींना दिलेले ३०५ परवाने सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये अटींसह मान्य केले. परवान्यावर छायाचित्र, काठावर विस्तव नाही, अशा त्या अटी होत्या. तेथे प्रश्न उपजीविकेचा होता, हौसेचा नव्हे. तथापि नदीवर प्रथम हक्क कोणाचा, हे त्यावरून कळते.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून घाटावर एक साधी वही ठेववावी: तारीख, माशाची जात, लांबी, ठेवला की सोडला. अशा नोंदी हाती असल्या की ग्रामसभेत हौशी आणि ढीमर यांचे बोलणे अंदाजावर चालत नाही.